पिस्तूल सरळच मारतं, हात मारू देत नाही

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धावरचे गेम खेळणाऱ्यांमध्ये एक भांडण कधीच मिटत नाही. रायफलमधल्या गोळ्या संपलेल्या असतात, समोर पन्नासेक मीटरवर शत्रू गुडघा टेकून बसलेला असतो. घाईघाईनं पिस्तूल काढावं, तर सातच्या सात गोळ्या त्याच्या आजूबाजूची माती उडवतात आणि तो आरामात उठून आपल्याला टिपतो. खेळणारा वैतागतो, "हे पिस्तूल आहे का पिचकारी?" दुसरा म्हणतो, "खरं पिस्तूल असंच असतं, दहा पावलांपलीकडे काही लागत नाही." तिसरा लगेच एक व्हिडिओ दाखवतो. त्यात तेच पिस्तूल घेऊन कुणीतरी शंभर मीटरवरची लोखंडी पाटी टणाटण वाजवत असतो.

गंमत म्हणजे तिघांचंही खरं आहे. ते एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे कळलं की गेम बनवणारे नेमके कुठे फसतात तेही कळतं.

नळी वेगळी, हात वेगळा

एक लेझर पॉइंटर घ्या. तो टेबलावर टेकवून समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पाडा. ठिपका जागचा हलणार नाही. आता तोच पॉइंटर हात लांब करून, कशालाही न टेकवता धरा. जवळच्या भिंतीवर ठिपका जरासा थरथरतो. लांबच्या भिंतीवर तो भरकटलेल्या काजव्यासारखा फिरायला लागतो. किरण दोन्ही वेळा सरळच आहे, बिघडलेलं काहीच नाही. पॉइंटर धरणारा हात तेवढा जिवंत आहे, त्यात नाडी चालते, स्नायू थकतात, श्वासाबरोबर खांदा वर-खाली होतो.

पिस्तुलाचंही असंच आहे. सैन्यातलं चांगल्या स्थितीतलं पिस्तूल लोखंडी शिकंज्यात आवळून २५ मीटरवरच्या कागदावर गोळ्या झाडल्या, तर त्या साधारण तळहाताएवढ्या जागेत जातात. अचूकता या शब्दाचे इथे दोन अर्थ निघतात. एक हत्याराची अचूकता, म्हणजे नळी जिकडे रोखली तिकडेच गोळी जाते का. दुसरी हाताची अचूकता, म्हणजे नळी हवी तिकडे रोखलेली राहते का. पहिलीत पिस्तूल पास होतं, आणि चांगल्या मार्कांनी. दुसरीत माणूस नापास होतो.

(पहिल्या परीक्षेत नापास होणारी पिस्तुलंही होती. अमेरिकेनं १९४२ मध्ये ‘लिबरेटर’ नावाचं एकगोळी पिस्तूल जवळपास दहा लाखांच्या संख्येनं बनवलं. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातल्या बंडखोरांना ते चोरून पोचवायचा बेत होता. त्याच्या नळीला आतून पीळच नव्हता, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचाच नव्हत्या. ते अगदी जवळ जाऊन वापरायचं होतं, दुसरी सोयच नव्हती. पण हा अपवाद.)

एक मिलिमीटर

पिस्तुलाच्या पाठीवर मागच्या बाजूला एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. खाचेतून बघायचं, माशी तिच्या मधोमध आणायची आणि ती माशी लक्ष्यावर टेकवायची, याला नेम धरणं म्हणतात. खाच आणि माशी यांच्यातलं अंतर किती, यावर बाकीचं सगळं ठरतं.

शाळेतली भूमिती आठवा. वहीच्या पानावर दोन ठिपके अगदी जवळजवळ काढून त्यांच्यातून जाणारी रेघ पानाच्या टोकापर्यंत ओढली, तर एका ठिपक्याची किंचित चूक पलीकडे बोटभर होते. ठिपके लांब असतील तर तीच चूक फारशी जाणवत नाही.

अमेरिकी सैन्याचं एम १९११ हे पिस्तूल घेऊ. जॉन ब्राउनिंग यांचं डिझाइन, १९११ मध्ये सैन्यात दाखल, दोन्ही महायुद्धांत वापरलेलं आणि म्हणून जवळपास प्रत्येक महायुद्धी गेममध्ये हजर. त्यात खाच आणि माशी यांच्यात सुमारे साडेसोळा सेंटिमीटर अंतर आहे. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी ६ सेंटिमीटर बाजूला जाते, २५ मीटरवर १५ आणि ५० मीटरवर ३०. समोरच्या माणसाच्या छातीच्या मधोमध नेम धरला असेल, तर १० मीटरवर तो वाचत नाही. ५० मीटरवर गोळी त्याच्या दंडाजवळून निघून जाते आणि त्याला बहुधा खरचटतही नाही.

आता त्याच सैन्याची एम १ गरँड रायफल बघा. तिच्यात हे अंतर ७१ सेंटिमीटर आहे. तीच एक मिलिमीटरची चूक ५० मीटरवर फक्त ७ सेंटिमीटरची होते. शिवाय रायफलचा दस्ता खांद्यात रुतलेला, गाल त्यावर टेकलेला, दोन हात पुढेमागे. पिस्तुलाला आधार एका मनगटाचा. जर्मन लुगर पिस्तुलाच्या नावाभोवती अचूकतेचं जे वलय आहे, त्यातही थोडा वाटा या भूमितीचा आहे. लुगरची मागची खाच पार टोकाला बसवलेली असल्यानं दोन्हींमधलं अंतर एकवीस-बावीस सेंटिमीटर भरतं.

आणखी एक अडचण डोळ्याची. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. अंगठ्याकडे बघितलं की मागचं दृश्य पुसट होतं, मागे बघितलं की अंगठा पुसट होतो. पिस्तुलात खाच, माशी आणि शत्रू अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात आणि डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसते. त्या काळच्या पिस्तुलांवरची माशी तर इतकी बारीक असे की संध्याकाळच्या उजेडात ती शोधण्यातच एखादा क्षण जावा. गेममध्ये मात्र माशीही काचेसारखी लख्ख आणि पन्नास मीटरवरचा शत्रूही.

चाप, दचक आणि एकच हात

एम १९११ चं वजन आहे सुमारे १,१०० ग्रॅम. त्याचा चाप ओढायला जोर लागतो अडीच-तीन किलोचा. म्हणजे हातातल्या वस्तूच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ताकद एका बोटानं लावायची आणि वस्तू मात्र मिलिमीटरभरही हलू द्यायची नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, अंगठ्यानं आधीच मागे ओढून ठेवलेला नसेल, तर चापच तो मागे नेतो, त्यामुळे जोर आणखी लागतो. ब्रिटिशांच्या एनफिल्ड रिव्हॉल्व्हरच्या एका प्रकारात घोड्याची शेंडीच छाटून टाकली होती, कारण ती टँकच्या आतल्या अडगळीत अडकायची. त्या रिव्हॉल्व्हरची प्रत्येक गोळी जड चापानंच झाडावी लागे. गेममध्ये हाच चाप म्हणजे माऊसचं बटण. सगळ्या हत्यारांना सारखंच हलकं.

मग येतो धक्का. धक्क्यामुळे नेम चुकतो असं सगळे समजतात, पण झाडलेल्या गोळीपुरतं ते फारसं खरं नाही. गोळी नळीत असते जेमतेम एखादा सहस्रांश सेकंद. पिस्तूल उसळी मारून वर येईपर्यंत ती कधीच बाहेर पडलेली असते. धक्का बिघडवतो ती पुढची गोळी. पहिली गोळी बिघडवते ती धक्क्याची भीती. आता ढाण् होणार हे शरीराला ठाऊक असतं, म्हणून बार उडायच्या आधीच मनगट नकळत खाली दाबलं जातं. याला आपण दचक म्हणू. शिकवणारे ती उघडी पाडायला एक युक्ती करतात. शिकणाऱ्याला न कळवता खऱ्या काडतुसांमध्ये एक खोटं काडतूस घालून ठेवतात. चाप ओढला जातो, बार उडतच नाही, पण नळी मात्र झुकून सलाम करते. सगळ्यांसमोर.

त्यात त्या काळची शिकवण एका हातानं पिस्तूल चालवायची. अंग आडवं वळवून, हात सरळ पुढे ताणून. दोन हातांनी पिस्तूल धरण्याची पद्धत खऱ्या अर्थानं रुळली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या जॅक वीव्हर या शेरीफच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं स्पर्धा जिंकून दाखवल्यावर. म्हणजे १९१७ च्या खंदकात दोन्ही हातांनी छान पकड घेऊन उभा राहणारा गेममधला सैनिक चाळीसेक वर्षं पुढचं शिकून आलेला असतो. एखाददुसऱ्यानं तेव्हाही दोन हात वापरले असतील, पण सगळ्यांनीच?

गेम ही चूक कुठे लपवतो

गेमपुढची पंचाईत अशी की माऊस थरथरत नाही. टेबलावर ठेवून चहा करायला गेलात तरी पडद्यावरचा नेम तसाच रोखलेला राहतो. खरा हात जे बिघडवतो ते कुठून तरी आणायला हवं. म्हणून बहुतेक गेम एक सोपा उपाय करतात, तो म्हणजे फैलाव. नळीच्या तोंडापासून एक अदृश्य शंकू कल्पायचा आणि गोळी त्या शंकूत कुठेही, फासे टाकल्यासारखी सोडायची. पिस्तुलाचा शंकू रुंद, रायफलचा अरुंद.

सरासरी काढली तर निकाल बरोबर येतो, पण कारण चुकीच्या जागी बसतं. तुम्ही नेम अगदी अचूक धरला होता, तरी गोळी वाकडी गेली. चूक हाताची होती, ती नळीच्या माथी मारली. म्हणूनच पहिला खेळाडू पिचकारी म्हणून ओरडतो आणि त्याचं ओरडणं रास्त असतं.

हा उपाय जुना आहे. १९९२ च्या वुल्फेनस्टाइन थ्रीडीमध्ये नाझींच्या किल्ल्यातून पळायचं असतं. त्याचा प्रोग्राम पुढे सगळ्यांसाठी खुला झाला, त्यामुळे आतलं गणित बघता येतं. शत्रू नकाशावरच्या चार चौकटींच्या आत असेल तर गोळी चुकतच नाही. त्यापुढे प्रत्येक गोळीला एक यादृच्छिक आकडा काढला जातो आणि अंतर वाढेल तशी चुकण्याची शक्यता वाढते. एकवीस चौकटींच्या पलीकडे तर गोळी लागूच शकत नाही. पिस्तूल आणि मशीनगन दोन्हींना हाच हिशेब, फरक फक्त वेगाचा. इतकं ओबडधोबड गणित, पण जवळून हमखास आणि लांबून नशीब हा पिस्तुलाचा स्वभाव त्यात चक्क उतरला होता.

दुसरा उपाय मला जास्त खटकतो. अनेक गेम पिस्तुलाची गोळी अंतरासोबत दुबळी करतात. दहा मीटरवर दोन गोळ्यांत माणूस पडतो, पन्नासवर पाच-सहा लागतात. खऱ्या गोळीचा वेग पन्नास मीटरवर थोडा कमी होतो, पण ज्याला ती लागते त्याला हा फरक कळायचा नाही. लांबून लागणं अवघड असतं. लागलेली गोळी सोसणं सोपं नसतं.

तिसरी गोष्ट गोळीच्या प्रवासाची. पुष्कळ गेममध्ये गोळी अशी नसतेच. बटण दाबल्या क्षणी एक सरळ रेघ काढली जाते आणि रेघेत जो येईल त्याला लागलं असं धरतात, याला हिटस्कॅन म्हणतात. एम १९११ ची गोळी सेकंदाला सुमारे २५० मीटर जाते. पन्नास मीटरला तिला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो आणि तेवढ्यात धावणारा माणूस मीटरभर पुढे सरकलेला असतो. शंभर मीटरवर ती जवळजवळ मीटरभर खालीही येते. हिटस्कॅनच्या पिस्तुलाला यातलं काहीच भोगावं लागत नाही, म्हणून त्याला रोखायला मग तो रुंद शंकू आणि ती दुबळी गोळी लागते. एक खोटं झाकायला आणखी दोन.

वेगळा रस्ता धरणारे गेमही आहेत. २००६ च्या रेड ऑर्केस्ट्रामध्ये पडद्याच्या मधोमध नेमाची फुली नव्हतीच. हत्यार पडद्यावर थोडं मोकळं हलायचं, गोळीला वेग आणि वजन होतं, दूर मारायचं तर खाच-माशी जुळवायलाच हवी. तिथे नेम चुकला की आपला हात कुठे चुकला हे दिसतं.

"ऑलिम्पिकवाले ५० मीटरवर मारतात की!"

मारतात. ५० मीटर पिस्तूल हा प्रकार २०१६ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये होता आणि त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास होता ५ सेंटिमीटर, तोही एका हातानं गाठायचा. पण ते पिस्तूल नेमबाजाच्या मुठीच्या मापानं घडवलेलं, चाप फुंकरीनं सुटेल इतका हलका, काडतूस बारीक, धक्का नावापुरता. नेम जुळला नाही तर हात खाली घेऊन पुन्हा श्वास घ्यायची मुभा. आणि मुख्य म्हणजे कागद उलटून गोळी मारत नाही.

माणूस गोळी मारायला लागला की काय होतं, याचे आकडे युद्धातले नाहीत, पण पोलिसांचे आहेत. न्यूयॉर्क पोलिसांबद्दल रँड या संशोधन संस्थेनं २००८ मध्ये दिलेल्या अहवालात १९९८ ते २००६ चा हिशेब आहे. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी १८ गोळ्या लागल्या. समोरून गोळीबार नसतानाही फक्त ३०. ही प्रशिक्षित माणसं, आधुनिक पिस्तुलं आणि अंतरंही सहसा थोडीच. व्हिडिओतली लोखंडी पाटी वाजवणारा खोटा नाही. त्याला कुणी मारत नव्हतं, एवढंच.

"मग माउझरवर १,००० मीटरचं माप कशाला कोरलं?"

१८९६ च्या माउझर पिस्तुलावर खरंच हजार मीटरपर्यंतच्या खुणा असत. लुगरच्या लांब नळीच्या तोफखानी प्रकारावर ८०० मीटरपर्यंतच्या. पण ही दोन्ही हत्यारं दस्ता जोडून वापरायची होती. माउझरचं लाकडी म्यानच मागे अडकवलं की दस्ता व्हायचा. खांद्याला टेकलं की पिस्तूल उरत नाही, छोटी रायफल होते, आणि लेझर पॉइंटर पुन्हा टेबलावर येतो. तरीही हजार मीटर हा आकडा गोळी तिथवर जाते एवढंच सांगतो, तिथे उभ्या असलेल्या माणसाला लागेल असं नाही. वेगमापकावर २२० लिहिलेलं असतं म्हणून गाडी तेवढी पळते असं कुणी धरत नाही.

गेममध्ये हे माउझर बहुतेक वेळा दस्त्याशिवाय, एका हातात आणि तरी लांब पल्ल्याचं म्हणून दिलं जातं. दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवा.

"आणि सार्जंट यॉर्क?"

८ ऑक्टोबर १९१८, फ्रान्समधलं आर्गोनचं जंगल. अमेरिकी सैनिक अल्विन यॉर्क यांच्यावर संगिनी रोखून काही जर्मन सैनिक उतारावरून धावत आले आणि यॉर्क यांनी पिस्तुलानं ते एकापाठोपाठ पाडले. सगळ्यात मागच्यापासून सुरुवात केली, म्हणजे पुढच्यांना मागे काय चाललंय ते कळू नये. शौर्य निर्विवाद. पण संगीन घेऊन धावणारा माणूस हे जवळचं लक्ष्य असतं, क्षणोक्षणी आणखी जवळ येणारं आणि मोठं होणारं. पिस्तूल ज्यासाठी बनलं ते नेमकं हेच काम.

जवळच्या अंतरावर खाच-माशी जुळवायलाही वेळ नसतो. शांघाय पोलिसात काम केलेल्या फेअरबेर्न आणि साइक्स या जोडीनं दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना शिकवलं ते हेच. पिस्तूल वर आणा, बोट दाखवल्यासारखं रोखा, झाडा. काही पावलांवर तेवढं पुरतं.

सैन्यांना पिस्तुलाची लायकी चांगलीच ठाऊक होती. तोफांजवळ, ट्रकवर, मशीनगनवर काम करणाऱ्या ज्या सैनिकांकडे पूर्वी पिस्तूलच असे, त्यांच्यासाठी अमेरिकेनं १९४१ मध्ये एम १ कार्बाइन स्वीकारली. जेमतेम अडीच किलोची ही छोटी रायफल युद्ध संपेपर्यंत साठ लाखांहून जास्त बनली. पिस्तुलानं लांबवर लागत असतं तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

पडद्यावरचे पन्नास मीटर

या भांडणातला एक भाग निव्वळ दृष्टिभ्रम आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पडदा ५३ सेंटिमीटर रुंद आहे आणि तुम्ही ६० सेंटिमीटरवर बसलात, तर तुमच्या नजरेचा साधारण ४८ अंशांचा भाग तो व्यापतो. गेम मात्र त्यात ९० अंशांचं दृश्य कोंबतो. एवढं दृश्य त्या चौकटीत बसवायचं तर सगळं लहान करावं लागतं, मधोमध जवळपास सव्वादोन पट. म्हणजे गेममधला पन्नास मीटरवरचा सैनिक डोळ्याला शंभराहून जास्त मीटरवर असल्यासारखा दिसतो. पडदा १,९२० पिक्सेल रुंद असेल तर हा सैनिक उंचीला तेहतीसेक पिक्सेल आणि रुंदीला दहाच भरतो.

याचा परिणाम उलटसुलट होतो. पिस्तुलानं इतक्या लांबचा कसा काय लागला, असं ज्याला वाटतं त्यानं प्रत्यक्षात चाळीस मीटरवरचा मारलेला असतो. उलट दहा पिक्सेलांवर माऊस आणून थांबवणं सवयीच्या हाताला पाव सेकंदाचं काम आहे, आणि थांबवला की तो थांबतो. पडद्यामुळे डोळ्याचं नुकसान होतं, हाताचा फायदा. दोन्हींची वजाबाकी प्रत्येक गेममध्ये वेगळी येते.

"अहो, खेळ आहे, मजा येऊ द्या"

यावर माझं म्हणणं एवढंच की मजा आणि खरेपणा इथे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. शंकू काढून टाका, गोळी नळी जिकडे असेल तिकडेच जाऊ द्या, लागली की पूर्ण लागू द्या. त्याऐवजी नळी डुलू द्या. धावून आल्यावर जास्त, भिंतीला टेकल्यावर कमी, अंगावरून गोळ्या जात असतील तर बरीच. मग पन्नास मीटरवर मारलेला माणूस हा खेळाडूचा पराक्रम ठरेल आणि चुकलेल्या सात गोळ्याही त्याच्याच.

एक गोष्ट मात्र मला अजून कुठल्या गेममध्ये दिसलेली नाही. दचक. घडवणं अवघड नाही, चाप दाबला जाताना, बार उडायच्या आधी, माशी केसभर खाली नेली की झालं, आणि सराव वाढेल तसं ते कमी करत न्यायचं. कुणी केलंच तर पहिल्या दिवशी काय तक्रार येईल तेही सांगता येतं. नेम बरोबर धरला होता, नळी आपोआप खाली गेली. खोटं काडतूस हाती आलेला शिकाऊ नेमबाजही हेच म्हणतो.